कात्री, कागद आणि चिऊचा डावा हात

गेले दोन शनिवार काही लिहायला जमलं नाही. आधी रिलीज होतं, आणि मग रिलीज केलेलं परत मागे घ्यायचं होतं :) ह्या शनिवारी मात्र सकाळीच लॅपटॉप उघडून बसलोय, आणि विषय जरा वेगळा आहे. विषय आहे कात्री. हो, कागद कापायची साधी कात्री. हसू नका. गेल्या दीड महिन्यात ह्या वस्तूवर मी जेवढा विचार केलाय, तेवढा इंजिनियरिंगच्या चार वर्षांत 'मेकॅनिक्स' ह्या विषयावरही केला नव्हता.

तर झालं असं. माझी ताई कोथरूडला राहते आणि शनिवारचं माझं जेवण ठरलेलं तिच्याकडे. तिची मुलगी साडेचार वर्षांची, ज्युनिअर केजीत. घरात तिला चिऊ म्हणतात. एरवी बेल वाजली की 'मामाऽऽ' करत धावत येते. त्या दिवशी आलीच नाही. आत सोफ्याच्या कोपऱ्यात उशी घेऊन बसलेली. ताईनं न बोलता शाळेची डायरी माझ्यापुढे ठेवली. त्यात शेरा होता: कटिंग जमत नाही, हातात जोर कमी आहे, घरी सराव घ्यावा, उजवा हात वापरण्याची सवय लावावी.

मी म्हटलं, "एवढंच ना? आज बसवू, आजच शिकवून टाकू." ह्या वाक्याचा मला नंतर किती पश्चात्ताप झाला ते पुढे येईलच.

जेवण झाल्यावर आम्ही दोघं जमिनीवर बसलो. तिच्या शाळेच्या किटमधली छोटी रंगीत कात्री, एक वर्तमानपत्र आणि मी. चिऊनं कात्री डाव्या हातात घेतली. मी ती काढून उजव्या हातात दिली. तिनं दोन बोटं घातली, कागद दुमडला, कापला काही गेला नाही. मी तिच्या हातावर माझा हात ठेवून कात्री चालवली. एक वेडीवाकडी रेघ कापली गेली. मी 'शाब्बास' म्हटलं. तिनं हात सोडवून घेतला, कात्री खाली ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मामा, माझा हात खराब आहे."

रडली असती तर बरं झालं असतं. साडेचार वर्षांच्या पोरीनं स्वतःच्या हाताबद्दल असा निकाल देऊन टाकणं, तेही इतक्या सहज... मला काही सुचेना. आमच्या धंद्यात एक जुनी खोड आहे. सॉफ्टवेअर चाललं नाही की पहिल्यांदा म्हणायचं, 'वापरणाऱ्याची चूक.' मग दोन दिवसांनी लाजत कबूल करायचं की गडबड आपल्या कोडमध्येच होती. मी त्या दिवशी नेमकं तेच केलं होतं. वापरणारी साडेचार वर्षांची होती, एवढाच फरक.

त्या रात्री घरी येऊन मी माझी कात्री डाव्या हातात धरून बघितली. तुम्हीपण आत्ता उठून करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. साधा कागद घ्या आणि नेहमीची कात्री डाव्या हातानं चालवा. कागद कापला जाण्याऐवजी दोन पात्यांच्या मध्ये आडवा होऊन अडकतो. का?

कारण कात्री नुसती वर-खाली होत नाही. आपण मूठ मिटतो तेव्हा अंगठा एका बाजूला ढकलत असतो आणि बोटं दुसऱ्या बाजूला ओढत असतात, आपल्या नकळत. उजव्या हाताच्या कात्रीत पाती अशी बसवलेली असतात की ह्या ढकलण्या-ओढण्यानं ती एकमेकांवर दाबली जातात. कापण्याचं काम त्या दाबानं होतं. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच जोर पात्यांना एकमेकांपासून लांब नेतो. मध्ये बारीक फट पडते आणि कागद त्या फटीत सरकतो. शिवाय समोर धरलेल्या कात्रीचं वरचं पातं उजवीकडे असतं. उजव्या हातानं कापणाऱ्याला आतल्या बाजूनं रेघ दिसते. डाव्या हातानं कापणाऱ्याच्या नजरेच्या आड नेमकं तेच पातं येतं. म्हणजे आपण त्या मुलाला न कापणारी कात्री देतो, रेघ झाकून टाकतो आणि मग म्हणतो, 'रेघेवर काप.'

आणि कात्री उलटी धरून उपयोग नाही. उजव्या पायाची चप्पल पालथी घातली म्हणून डाव्या पायाची होत नाही, तसंच. कशीही फिरवा, वरचं पातं उजवीकडेच येतं. मी हे सहा वेळा फिरवून बघितलं. इंजिनियर आहे, पटकन विश्वास बसत नाही :)

मग अर्थातच ऑनलाइन शोधाशोध. पहिली कात्री मागवली तिच्यावर 'दोन्ही हातांसाठी' असं छापलेलं होतं. आली तेव्हा कळलं, मुठी दोन्हीकडून सारख्या केल्या आहेत, पाती मात्र उजवीच. म्हणजे युजर इंटरफेस बदलला, आतलं लॉजिक तेच! दुसऱ्यांदा नीट वाचून, फोटो मोठा करून, वरचं पातं डावीकडे आहे ना ते बघून मागवली. खरी डावी कात्री. गोल टोकाची, पण पातं स्टीलचं.

पुढच्या शनिवारी मी काही शिकवायला बसलो नाही. ताईकडे जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतोच (कोणाकडे नसतो?). त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि मी आपला माझ्या कात्रीनं एकेका कचक्यात तुकडे पाडत बसलो. डावी कात्री बाजूला ठेवून दिली. पाच मिनिटांनी चिऊ सरकत सरकत आली. कात्री उचलली, डाव्या हातात. पट्टी उजव्या हातात. कच्. तुकडा खाली पडला.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तुकड्याकडे बघितलं. मग परत कच्. मग परत. चि. आणि चि. सौ. कां. ह्यांचे अर्ध्या तासात शंभर तुकडे झाले. गणपतीबाप्पाचे होऊ नयेत म्हणून काकूंनी (म्हणजे ताईच्या सासूबाईंनी) पत्रिकेचा तेवढा भाग आधीच काढून घेतला होता.

आता ही झाली चिऊची गोष्ट. पण माझं म्हणणं फक्त डावऱ्या मुलांपुरतं नाही. साधारण दहातलं एक माणूस डावरं असतं, म्हणजे चाळीसच्या वर्गात तीन-चार मुलं सहज निघतील, आणि त्यांच्यासाठी वर्गात दोन डाव्या कात्र्या ठेवायला फार खर्च येत नाही. तेवढं शाळांनी करावंच. पण मला खरं बोलायचंय ते आपल्या सगळ्यांच्या घरातल्या कात्रीबद्दल. ती आपण पोरांच्या हातात देतच नाही.

आठवून बघा. घरात लहान मूल आलं की कात्री कुठे जाते? कपाटाच्या वर. मूल तीन वर्षांचं होतं, चार वर्षांचं होतं, कात्री वरच. मग एक दिवस शाळा म्हणते 'कटिंग जमत नाही', आणि आपण दचकतो. अहो, जमणार कसं? ह्याच काळात त्याच मुलाच्या हातात आपण पेन्सिल मात्र आनंदानं देतो. एबीसीडी, अआइई, एक ते शंभर. पानंच्या पानं. पेन्सिलनं डोळ्याला इजा होऊ शकते हे कोणाच्या डोक्यात येत नाही, कारण पेन्सिल म्हणजे अभ्यास आणि कात्री म्हणजे धोका!

ह्यातली गंमत अशी की हाताच्या दृष्टीनं क्रम नेमका उलटा आहे. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती सगळी कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. पहिल्या काही महिन्यांत त्यातली दोन हाडं टणक व्हायला सुरुवात होते आणि मग वर्षागणिक एकेक करत बाकीची. म्हणून तर लहान मुलाचं हाडांचं वय काढायला डॉक्टर हाताचा एक्स-रे काढतात. चार वर्षांच्या मुलाचं मनगट अजून 'अंडर कन्स्ट्रक्शन' असतं. आता असा हात काहीच करू शकत नाही असं नाही, भरपूर करू शकतो. पण चार रेघांच्या मध्ये बारीक अक्षर बसवणं हे त्यातलं बरंच अवघड काम, आणि आपण तिथूनच सुरुवात करतो.

कात्री चालवताना काय काय होतं बघा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट काम करतात. उरलेली दोन बोटं तळहाताशी मिटून हाताला आधार देतात. पेन्सिल धरताना हेच लागतं. दर वेळी उघड-मीट करताना तळहातातले बारीक स्नायू कामाला लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही हात एकाच वेळी दोन वेगळी कामं करतात. एक कापतो, दुसरा कागद धरतो आणि वळवतो. डोळा रेघेवर. पुढे शर्टाचं बटण लावताना, पट्टी धरून रेघ मारताना, बुटाची नाडी बांधताना, भाजी चिरताना हीच जोडी लागणार आहे. आम्ही ह्याला ऑफिसात पॅरलल प्रोसेसिंग म्हणतो आणि त्याचे भरपूर पैसे घेतो.

आणि ही काही माझी वीकएंडची थिअरी नाही. जर्मनीत फ्रोबेलनं १८३७ मध्ये लहान मुलांसाठी जे काम सुरू केलं, ज्यातून पुढे 'किंडरगार्टन' हा शब्द आला (आपल्या केजीतला 'के' तोच), त्यात कागद दुमडणं आणि कापणं हे रोजच्या उद्योगांपैकी होतं. माँटेसोरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह काढलं. त्यांच्या पद्धतीत ओतणं, चिमटीनं उचलणं, बटणं लावणं, कापणं असली हातांची कामं लिहिण्याच्या आधी येतात. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका ह्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण भागातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. महागडी साधनं परवडणार नाहीत म्हणून त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं अशी आसपास मिळणारी साधनं वापरली. म्हणजे आपल्याच राज्यात, ठाणे जिल्ह्याच्या त्या टोकाला (आता पालघर), हा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी लोकांनी विचार करून सोडवला होता. आपण मात्र केजीला 'के' ठेवला आणि बाकी सगळं पहिलीच्या वर्गातून उचलून आणलं.

सरकारी कागदावरही आता हेच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ हा वयोगट 'पायाभूत स्तर' म्हणून वेगळा काढला आणि २०२२ मध्ये त्यासाठी अभ्यासक्रमाचा आराखडाही आला. दोन्हींचा भर खेळातून आणि हातानं करून शिकण्यावर आहे. पण धोरण वाचून कोणी अ‍ॅडमिशन घेत नाही. आई-वडील शेजारच्या मुलाची वही बघतात. 'त्यांचा आरव कर्सिव्ह लिहितो' हे वाक्य कुठल्याही धोरणापेक्षा ताकदवान आहे. शाळांनाही ते माहीत आहे. म्हणून सगळा दोष शाळेवर ढकलायला मला संकोच वाटतो. चिऊच्या टीचरच्या वर्गात तीसेक मुलं आहेत, कात्र्या आहेत त्या किटमधल्या आणि वर पालकांना दर आठवड्याला भरलेली वही दाखवायची आहे. त्या तरी काय करणार?

आता आक्षेप. ते सगळे ताईच्या घरात मला ऐकायला मिळालेच.

पहिला आक्षेप काकूंचा. "कात्री नुसती वाजवू नये, घरात भांडणं होतात." मी म्हटलं, "काकू, म्हणून तर कागद द्यायचा, म्हणजे नुसती वाजणार नाही." काकूंना ते पटलं. मला वाटतं ह्या समजुतीत एक शहाणपण होतंच: रिकामी कात्री हातात घेऊन फिरू नये. कारण तेवढं वेगळं दिलं.

दुसरा आक्षेप जिजाजींचा, आणि तो खरा आहे. "लागलं म्हणजे?" लागू शकतं. म्हणूनच नियम लागतात. आमचे चार आहेत. कात्री फक्त बसून. कात्री फक्त कागदाला. दुसऱ्याला देताना पाती मुठीत मिटून, मूठ त्याच्याकडे करून. आणि मोठं माणूस खोलीत असेल तरच, झालं की परत त्याच्या हातात. ह्यातला दुसरा नियम तिसऱ्याच दिवशी मोडला गेला. चिऊनं ताईच्या ओढणीचे गोंडे कापले. पाच गोंडे, एकदम सरळ रेषेत. ताई चिडली, आणि चिडता चिडता म्हणाली, "पण सरळ कापलंन् रे!" शिक्षा म्हणून दोन दिवस कात्री बंद. त्यानंतर ओढण्या सुरक्षित आहेत.

भीतीपोटी आपण मुलांना जी प्लास्टिकच्या पात्यांची कात्री देतो, ती मात्र मला आवडत नाही. कणीक किंवा मातीचे वळे कापायला ती छान आहे, अगदी सुरुवातीला तीच द्यावी. पण तिनं कागद धड कापला जात नाही. मूल जोर लावतं, मनगट वाकडं करतं, कागद चुरगळतो आणि शेवटी त्याला वाटतं की आपल्यालाच येत नाही. बोथट हत्यार मोठ्यांनाही त्रास देतं. विळीला धार नसेल तर भाजी चिरणाऱ्याचा हात सटकतो, हे कुठलीही आजी सांगेल. लहान मुलांना टोक गोल हवं, पातं मात्र कापणारं हवं.

तिसरा आक्षेप ताईचा. "वेळ कुठे आहे?" ताई आणि जिजाजी दोघंही नोकरी करतात. संध्याकाळी साडेसातला घर, मग स्वयंपाक. ह्याच्यावर उपदेश करायचा मला काही अधिकार नाही, मी शनिवारचा मामा आहे. एवढंच म्हणेन की ह्याला वेगळा वेळ लागत नाही. ताई कुकर लावते तेव्हा चिऊ शेजारी बसून मटार सोलते, लसणाच्या पाकळ्या सुट्या करते. पोळ्यांच्या वेळी कणकेची गोळी वळते. काकूंबरोबर वाती वळते. हे सगळं बोटांचंच काम आहे. पूर्वी ते घरात आपोआप मिळायचं, आता सोललेले मटार पिशवीत येतात. मी स्वतः तीच पिशवी आणतो, त्यामुळे 'आमच्या वेळी' वगैरे म्हणणार नाही. मोबाइललाही शिव्या घालणार नाही, माझं पोट त्यावर चालतं. पण एवढं खरं की काचेवर बोट सरकवायला जोर लागत नाही, दुसरा हातही लागत नाही. तो वेळ कुठून तरी येतो, आणि तो बहुतेक वेळा ह्या बारीकसारीक कामांतून येतो.

आता कोणाला घरी सुरुवात करायची असेल तर माझा दीड महिन्याचा अनुभव आणि इकडून तिकडून वाचलेलं असं थोडक्यात सांगतो.

कात्रीच्या आधी कागद फाडू द्या. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून टरकन. चिमट्यानं कापसाचे बोळे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत. झाडांवर फवारा मारायची बाटली. हे अडीच-तीन वर्षांपासून जमतं. मग कात्री आणि कणकेचे वळे. मग जाड कागदाच्या अरुंद पट्ट्या, एका कचक्यात तुकडा पडेल अशा. इथे बरेच जण चुकतात, मीही चुकलो. पातळ कागद सोपा वाटतो, पण तो लुळा पडतो आणि पात्यात अडकतो. वर्तमानपत्र सगळ्यात अवघड. लग्नपत्रिका, बिस्किटाच्या पुड्याचं खोकं, जुन्या वहीचं कव्हर हे उत्तम. तिसऱ्या वर्षाच्या आसपास मुलं असे कचके मारत कागद आरपार कापतात, चौथ्याच्या आसपास जाड सरळ रेघेवर, मग गोल आणि पाच-सहापर्यंत कोपरे असलेले आकार. ह्यात पुढेमागे होतंच, कॅलेंडर घेऊन बसू नका.

अंगठा आकाशाकडे. ही एकच सूचना लक्षात ठेवली तरी पुरे. कात्री धरलेल्या हाताचा अंगठा वर राहिला की मनगट आपोआप सरळ राहतं. चिऊच्या अंगठ्याच्या नखावर मी स्केचपेननं डोळे काढून दिले आणि सांगितलं, ह्याला छत बघायचंय. दुसऱ्या हाताचा अंगठाही कागदावर वरच. कोपर अंगाजवळ. आणि गोल कापताना कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा. उजव्या हातानं कापणारा गोलाभोवती घड्याळाच्या काट्याच्या उलट जातो, डाव्या हातानं कापणारा काट्याच्या दिशेनं. हे माहीत नसेल तर डावऱ्या मुलाला आपण उलट्या बाजूनं सुरुवात करून देतो आणि मग हात आडवा येतो.

आणि त्यांच्या हातावर हात ठेवून कापू नका. एकदा दाखवा, मग आपला हात मागे. तुकडा त्यांचा त्यांनी पाडला पाहिजे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. कात्री म्हणजे जादू नाही. तिनं हात तयार होतो, अक्षर आपोआप सुंदर होत नाही. अक्षरासाठी पुढे लिहावंच लागतं. आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला कात्रीच नव्हे तर चमचा, बटण, चेंडू असं सगळंच जड जात असेल, किंवा एक हात ते वापरतच नसेल, तर पत्रिका कापत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गरज असेल तर ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवतात आणि लवकर गेलेलं कधीही चांगलं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता राहिली डायरीतली शेवटची ओळ. उजव्या हाताची सवय लावा. ह्यावर ताई आणि काकूंमध्ये थोडी चर्चा झाली (कात्री न वाजवताही). काकूंचं म्हणणं, जेवण तरी उजव्या हातानं, पंगतीत बरं दिसत नाही. ताई गप्प होती. मग मला म्हणाली, "तुला आठवत नसेल, तू पण डावराच होतास. आजी तुझा डावा हात फ्रॉकच्या नाडीनं खुर्चीला बांधायची. माझ्या फ्रॉकच्या."

मला खरंच आठवत नव्हतं. पण एकदम बऱ्याच गोष्टी जुळल्या. मी बॅट डाव्या हातानं धरतो. बाटलीचं झाकण डाव्या हातानं उघडतो. आणि माझं अक्षर एवढं भयंकर आहे की बारावीला सरांनी विचारलं होतं, पेपर मुंगीनं लिहिला का. सगळा दोष त्या नाडीचा आहे असं मी म्हणणार नाही. उजव्या हातानं लिहिणाऱ्या कित्येकांचं अक्षर असंच असतं. आणि आजीनं ते प्रेमापोटीच केलं, तिच्या काळी सगळे तेच करायचे. पण 'माझा हात खराब आहे' हे वाक्य ऐकून मला एवढं का लागलं होतं, ते मला त्या दिवशी थोडंफार कळलं.

ताईनं शाळेत जाऊन टीचरशी बोलायचं ठरवलं. तक्रार म्हणून नाही. जाताना डावी कात्री घेऊन गेली आणि टीचरना म्हणाली, "एकदा तुम्ही डाव्या हातात साधी कात्री घेऊन बघा." टीचरनी बघितलं. हसल्या. पुढच्या आठवड्यात डायरीत निरोप आला, चिऊ आपली कात्री शाळेत आणू शकते. उजव्या हाताचा विषय पुन्हा निघालेला नाही. एवढ्या लहान गोष्टीला सगळ्यांनी मिळून जेमतेम दहा मिनिटं दिली. ती दहा मिनिटं आधी कोणी दिली नव्हती, मीसुद्धा.

दिवाळीला आकाशकंदील घरी करायचा असं आमचं ठरलंय. सांगाडा माझ्याकडे, खळ काकूंकडे आणि झिरमिळ्या चिऊकडे. झिरमिळ्या कापायचा सराव कालपासून सुरू झाला. थोड्या वाकड्या येतायत, काही आखूड काही लांब. मी सुचवलं की पट्टीनं रेघा मारून देऊ का. तिनं मान हलवली.

"नको मामा, तू नुसता कागद धर."

असो. तुमच्या घरातली कात्री कपाटावर असेल तर खाली काढा. आणि पोराचा हात कुठला ते आधी बघा, मग कात्री कुठली ते ठरवा. भेटू पुढच्या शनिवारी, रिलीज नसेल तर :)